पाठीवरचे तेरा किलो

ट्रेकिंगच्या धंद्यात 'ऑफलोडिंग' असा एक शब्द आहे. आपली पाठपिशवी आपण वाहायची नसेल तर रोजचे ठरावीक पैसे भरायचे. मग ती घोड्यावर चढते आणि आपण पाण्याची बाटली, रेनकोट आणि मूठभर बदाम घेऊन मोकळ्या पाठीने चालायचे. माहितीपत्रकात हा शब्द जेवण, तंबू, डॉक्टरी दाखला यांच्या रांगेत अगदी निरागसपणे बसलेला असतो. आमच्या तुकडीतल्या कुणाला तो खटकला नाही. खटकण्यासारखे त्यात काही नाहीही. पण माझे वडील दारव्ह्याच्या बाजारात एकतीस वर्षे हमाल होते. पाठ ही भाड्याने द्यायची वस्तू आहे, हे मी शाळेत जायच्या आधीपासून पाहत आलो होतो. पाठ भाड्याने घ्यायची वेळ आमच्या घरात माझ्यावर पहिल्यांदा आली.

दारव्ह्यात डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचे ऊन. आमच्या लहानपणी प्रवास म्हणजे शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी घातली होती. दारव्हा-मोतीबाग स्टेशनात ती इतकी निवांत उभी राहायची की उतारू चहा पिऊन येत. तीही आता बंद पडली. अशा गावातला पन्नाशी ओलांडलेला जिल्हा परिषदेचा शिक्षक लडाखमध्ये पाच हजार मीटरवर चालायला निघतो म्हटल्यावर लोक हसले, तर त्यांची चूक नव्हती. माझ्या वर्गातल्या मुलांनी मात्र हसण्याऐवजी प्रश्न विचारले. औरंगाबादचे पोलीस शिपाई रफिक शेख यांनी मे २०१६ मध्ये एव्हरेस्ट सर केले, तेव्हा पेपरातले कात्रण मी फळ्याशेजारी लावले होते. "सर, तुम्हीबी तेच चढनार का?" एका मुलाने विचारले. मी म्हटले, "नाही रे बाबा, मी बाजूच्या गल्लीतून जाणार."

अब्बांनी हसण्याच्या आणि प्रश्नांच्या मधला मार्ग काढला. ते तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते, ओसरीवरच्या खाटेवर बसून माझी बांधाबांध पाहत होते.

"तेरा सामान कौन उठाएगा रे?"

"घोडे उठाते अब्बा."

"घोडे को पैसे मिलते क्या?"

"घोडे के मालिक को मिलते."

"और घोडे को?"

"चना."

"हमारे जैसाच हय," ते म्हणाले आणि पिशवी जवळ सरकवायला लावली.

पुढचा अर्धा तास त्यांनी मला जे सांगितले ते मी कुठल्याच पुस्तकात वाचलेले नव्हते. अब्बा कामाला लागले तेव्हा धान्याचे पोते शंभर किलोचे असे. पाठीवर रिकामे पोते टाकायचे, दोघांनी भरलेले पोते उचलून द्यायचे आणि तिसऱ्याने ते मानेच्या खाली घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे. १९७२ मध्ये कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाल्यावर हंगामात बैलगाड्यांची रांग गावाबाहेर जायची, आणि अब्बा दोन-दोन दिवस घरी येत नसत. जिनिंगमधली रुईची गाठ १७० किलोची. ती उचलायची नसते, हूक लावून लोळवायची असते. हमालांसाठी राज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. पुण्याच्या हमाल पंचायतीने पोत्याचे वजन कमी करण्यासाठी वर्षानुवर्षे भांडण मांडले. शंभरचे पोते पुढे पन्नासचे झाले, पण तोवर अब्बांच्या उजव्या खांद्याच्या मागे घट्टा पडून गेला होता. लहानपणी मी त्यावर बोट दाबून पाहायचो. आत मांस आहे की लाकूड, कळायचे नाही.

अब्बांनी माझी पिशवी उचलली नाही. नुसती डोळ्यांनी तोलली आणि म्हणाले, बारा-तेरा. काट्यावर तेरा भरली. मग त्यांनी ती सगळी उपसायला लावली. जड सामान तळाला घालणारा माणूस मूर्ख. जड ते वर, खांद्यांच्या मध्ये, पाठीला चिकटून. लोंबते ओझे दुप्पट होते. ओझे हाताने उचलत नाहीत, गुडघ्याने उचलतात. फळीवर असताना बोलायचे नाही. पावलाला श्वास बांधून घ्यायचा: दोन पावले आत, दोन पावले बाहेर, दम लागला तर पावले कमी करायची, श्वास तोडायचा नाही. थांबावे लागले तर उभ्याने थांबायचे, बसायचे नाही, कारण बसून उठलेल्या माणसाला तेच ओझे नवे वाटते. आणि खरी हमाली उतरताना असते. चढताना छाती जाते, उतरताना गुडघे.

"लेकिन घोडे उठाते ना अब्बा," मी म्हटले.

"घोडा भी बीमार पडता," ते म्हणाले.

ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही लेहला उतरलो. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. हवेत प्राणवायूचे प्रमाण तिथेही आपल्याकडच्याइतकेच, शंभरात एकवीस. पण हवेचा दाबच उतरलेला असल्याने प्रत्येक श्वासात दारव्ह्याच्या दोन-तृतीयांश इतकाच माल हाती लागतो. पाच हजारांच्या पुढे तो जेमतेम निम्म्यावर येतो. यावर शरीराला सवय होऊ देणे हाच इलाज. म्हणून पहिले दोन-तीन दिवस काही न करता काढायचे असतात. जिना चढून खोलीत गेलो तरी हृदय जिनिंगच्या इंजिनासारखे धडधडायचे. जुम्म्याची नमाज लेहच्या बाजारातल्या सतराव्या शतकातल्या जामा मशिदीत पढलो. शेजारच्या सफेत काश्मिरी होते, लडाखी होते, यारकंदी व्यापाऱ्यांचे वंशज होते. बाहेर आल्यावर एका वृद्धाने कुठले म्हणून विचारले. महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांनी "बम्बई" म्हणून मान डोलावली. दारव्हा समजावून सांगायला श्वास पुरला नसता.

त्या रिकाम्या दिवसांत मी एक पुस्तक वाचून संपवले. त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या वाचकांना ते ठाऊक असायला हवे. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात आपले वीस जवान शहीद झाले आणि गलवान हे नाव घराघरात पोचले. ते नाव एका माणसाचे आहे: गुलाम रसूल गलवान, लेहचा एक गरीब मुलगा. कोवळ्या वयात तो साहेबांच्या काफिल्यांत चाकरीला लागला. ओझी वाहिली, घोडी सांभाळली, भांडी घासली. यंगहजबंड, लॉर्ड डनमोर, लिटलडेल, अमेरिकन प्रवासी बॅरेट अशा एकेकाबरोबर तो काराकोरम, पामीर, तिबेट तुडवत गेला. एका मोहिमेत वाट बंद झाली असता या पोराने नाल्यातून रस्ता काढून दिला, म्हणून त्या नाल्याला त्याचे नाव दिले गेले, असे लेहमध्ये सांगतात. पुढे तो लेहचा अक्सकाल झाला. तुर्की भाषेत अक्सकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचा. काफिल्यांचा आणि व्यापाऱ्यांचा कारभार पाहणारा मुखत्यार. साहेबांबरोबर चालता चालता तो मोडकेतोडके इंग्रजी शिकला आणि त्याच इंग्रजीत त्याने आपली हकिगत लिहिली. 'सर्व्हंट ऑफ साहिब्ज' या नावाने ते पुस्तक १९२३ मध्ये केंब्रिजहून निघाले, यंगहजबंडच्या प्रस्तावनेसह. बॅरेट पतिपत्नींनी ते छपाईसाठी तयार केले, पण त्याची भाषा सुधारून गुळगुळीत केली नाही, हे त्यांचे उपकार. १९२५ मध्ये गलवान वारला.

हिमालयावर साहेबांनी लिहिलेल्या पुस्तकांची कपाटे भरतील. त्यांत हमाल येतात ते बहुधा आकड्याने: साठ कुली, चाळीस तट्टे. गलवानच्या पुस्तकात उलट आहे. साहेब येतात-जातात, आणि पानभर जागा मिळते ती चाकरांच्या भांडणाला, उपाशी घोड्याला, रात्री तंबूत कोण कुणाशी काय बोलले त्याला. मी ते वाचताना मध्येच थांबून विचार करत असे की अब्बांनी दारव्ह्याच्या बाजाराची अशी एक वही लिहिली असती तर? पण अब्बा अंगठ्याच्या वर गेले नाहीत. पगाराच्या कागदावर उठलेला त्यांचा अंगठा मात्र फार स्वच्छ असे.

आमची वाट होती मार्खा खोऱ्याची. झंस्कार नदी ओलांडून स्कियू, मग मार्खा, हांकर, निमालिंग, आणि शेवटी कोंगमारू ला ही साधारण ५,२०० मीटरची खिंड उतरून शांग सुमदो. पाच दिवस. पहिल्या तीन दिवसांविषयी सांगण्यासारखे थोडेच. उघडे, तांबडे-जांभळे डोंगर आणि तळाशी नदीकाठी विलोची झाडे, जवाची हिरवी शेते. दुपारी ऊन भाजून काढायचे आणि नदीत पाय घातला की हाडापर्यंत कळ जायची. नदी बूट काढून, एकमेकांचे दंड धरून ओलांडायची. वाटेत लष्कराच्या जुन्या पॅराशूटच्या कापडाखाली चहाची दुकाने. गावातल्या बायका ती चालवतात. आलटून-पालटून गावांना पाळी मिळते म्हणे. मोटाररस्ता खोऱ्यात वर वर सरकतो आहे. जिथे तो पोचला आहे तिथे धुळीतून चालावे लागते आणि मन खट्टू होते. अर्थात हे खट्टू होणे पाहुण्याचे. आजारी म्हातारीला पाठुंगळी घेऊन दोन दिवस चालणाऱ्या माणसाला रस्ता कसा दिसत असेल, ते त्याला विचारावे.

आमचे घोडेवाले सिंधू नदीकाठच्या एका गावचे बौद्ध होते, पंचेचाळिशीचे. आम्ही त्यांना 'आचो-ले' म्हणायचो. आचो म्हणजे थोरला भाऊ, 'ले' हे आपल्या 'जी'सारखे. ते मला 'मास्टरजी' म्हणत. सहा घोडे आणि मदतीला सतरा वर्षांचा भाचा. रोज सकाळी सामान लादताना ते प्रत्येक पिशवी एका हाताने उचलून क्षणभर धरायचे आणि डोळे बारीक करायचे. मग दोन पिशव्यांची जोडी लावायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. एका घोड्यावर पन्नास-साठ किलो. दोन्ही बाजूंत दोन किलोंचा फरक पडला तरी खोगीर सरकते आणि कातडे सोलते, ते म्हणाले. मी त्यांना अब्बांविषयी सांगितले. त्यांनी विचारले, "पोते किती किलोचे?" शंभर म्हटल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हमारा घोड़ा मना कर देगा."

तिसऱ्या रात्री जेवणाच्या तंबूत ओझ्यांचाच विषय निघाला. आमच्यातले पुण्याचे एक अभियंता दक्षिण अमेरिकेत पेरूला जाऊन आले होते. अँडीज पर्वतात इंका लोकांची जुनी दगडी पायवाट माचू पिचूला जाते. चार दिवस, सर्वांत उंच खिंड ४,२०० मीटरची. त्या वाटेवर खेचरांना बंदी आहे, खुरांनी प्राचीन दगड झिजतात म्हणून. मग सामान कोण वाहते? माणसे. एका दिवसाला ५०० जणांना प्रवेश, त्यांत प्रवासी साधारण दोनशे. उरलेले त्यांचे तंबू, गॅस, खुर्च्या वाहणारे हमाल आणि वाटाडे. पूर्वी हे हमाल चाळीस-चाळीस किलो घेऊन पळत. २००१ मध्ये कायदा झाला आणि हमालाच्या ओझ्यावर वीस किलोंची मर्यादा आली. वाटेच्या तोंडाशी काटा लावून बोजे तोलतात. अभियंत्यांनी कौतुकाने सांगितले, की त्या वाटेवर त्यांना ताज्या भाजीचे सूप आणि वाढदिवसाचा केक मिळाला होता. केकचे वजन काट्यावर धरले होते का, असे मी विचारले. तंबूत हशा पिकला, आणि विषय संपला. घरी आल्यावर मी अब्बांना वीस किलोंचे सांगितले. त्यांनी हिशेब केला आणि म्हणाले, "पहाड पे बीस याने बजार के साठ. ठीक हय. जादा नहीं, कम भी नहीं."

निमालिंग हे कांग यात्से या सहा हजार चारशे मीटरच्या हिमशिखराखालचे मोठे कुरण आहे. उंची सुमारे ४,८०० मीटर. उन्हाळ्यात खालच्या गावांतले लोक मेंढ्या, बकऱ्या, याक घेऊन इथे येऊन राहतात. दगडी गोठे, शेणाच्या गोवऱ्यांचा धूर, संध्याकाळी कुरणभर पसरलेला घंटांचा आवाज. बिळाबाहेर मागच्या पायांवर उभे राहून आमच्याकडे बघणारे लठ्ठ मार्मोट. इतके सुंदर ठिकाण मी आयुष्यात पाहिलेले नाही, आणि तिथेच आमच्यातल्या एकाची तब्येत गेली. अमरावतीचे बँकेतले गृहस्थ, माझ्याच वयाचे. दुपारपासून डोके दुखत होते, संध्याकाळी दोन उलट्या झाल्या, आणि रात्री तंबूबाहेर येताना ते दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खाऊ लागले. वाटाड्याने त्यांना टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला ते पडले. विरळ हवेत मेंदूला सूज येऊ लागल्याची ही खूण असते. यावर एकच खात्रीचे औषध: खाली उतरणे, तेही सकाळची वाट न पाहता. त्या गृहस्थांना मात्र काही झालेले नाही असेच वाटत होते. "सकाळी बरं वाटेल, उगाच गडबड नको," असे ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

आचो-ले काही न बोलता उठले. सर्वांत शहाणा घोडा सोडवला, त्यांना त्यावर बसवले, कमरेला दोर बांधला आणि डोक्यावर टॉर्च लावून रात्री नऊ वाजता हांकरच्या बाजूला उतरायला लागले. दुसरा वाटाड्या सोबत गेला. दिवे बराच वेळ नाल्यात दिसत होते, मग दिसेनासे झाले.

सकाळी फजरला उठलो तर बाटलीत बर्फाची पापडी होती. दगडावर हात मारून तयम्मुम केला, दोन रकात पढल्या आणि त्या माणसासाठी दुवा मागितली. बाहेर भाचा एकटाच लादणी करत होता. सहाऐवजी पाच घोडे, तंबू तेवढेच, भांडी तेवढीच. पोरगा पिशव्या उचलून पाहायचा, डोळे बारीक करायचा, आणि पुन्हा खाली ठेवायचा. हिशेब जमत नव्हता. मी माझी पिशवी त्याच्या ढिगातून काढून घेतली. आणखी दोघांनी आपापल्या काढल्या. पुण्याचे अभियंता म्हणाले, "सर, तुम्ही कशाला? पैसे भरलेत की आपण." त्यात वाईट हेतू नव्हता, त्यांना माझी काळजी होती.

पिशवी गुडघ्यावर घेतली, मग पाठीवर. तेरा किलो.

त्या चढाचे वर्णन काय करू? दोन-अडीच तासांचा चढ, दारव्ह्यात असता तर विडी पेटवून चढलो असतो. दोन पावले आत, दोन पावले बाहेर असे सुरू केले. अर्ध्या तासाने एक पाऊल आत, एक बाहेर. शेवटी एका पावलाला दोन श्वास. कुणी काही विचारले तरी उत्तर दिले नाही. फळीवर बोलायचे नाही. बाकीचे दगडांवर बसत होते, मी काठीवर भार देऊन उभा राहत होतो. खांद्याच्या मागे, जिथे अब्बांचा घट्टा आहे, बरोबर त्याच जागी पट्टा रुतत होता. मला त्या क्षणी उंच काही सुचले असेल असे वाचकांना वाटत असेल, तर तसे झाले नाही. मी मोजत होतो. शंभरापर्यंत मोजायचे आणि पुन्हा एकपासून.

खिंडीत वाऱ्यावर पताका फडफडत होत्या. मागे कांग यात्से, पुढे सिंधूचे खोरे, आणि त्याच्याही पलीकडे उत्तरेला डोंगरांच्या रांगांमागे रांगा. त्याच दिशेने गलवानचे काफिले काराकोरमची खिंड ओलांडून यारकंदला जात. त्या वाटेवर मेलेल्या घोड्यांची हाडे पडलेली असत आणि नवखा वाटसरू त्या हाडांवरून रस्ता ओळखे, असे जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. भाच्याने घोडे थांबवले, प्रत्येकाच्या तोंडावर हात फिरवला आणि "की की सो सो ल्हा ग्यालो" अशी आरोळी ठोकली. देवांचा जय असो. मी पिशवी उतरवली नाही. उतरवली असती तर पुन्हा चढवता आली नसती.

उतार लांब होता, अरुंद घळीतून, पाण्यातून, धोंड्यांवरून. गुडघ्यांनी अब्बांची साक्ष दिली.

शांग सुमदोला तंबू लागले तेव्हा चार वाजले होते. खालून निरोप आला होता: अमरावतीचे गृहस्थ पहाटे गाडीने लेहच्या इस्पितळात पोचले, प्राणवायू लावला आहे, बोलत आहेत. सगळ्यांनी एकदम चहा मागितला. संध्याकाळी उजेड जाता जाता घळीच्या तोंडातून एक माणूस आणि एक घोडा येताना दिसले. रात्री हांकरला उतरून, आजाऱ्याला गाडीच्या स्वाधीन करून, आचो-ले उलट चढून निमालिंग, कोंगमारू ला ओलांडून त्याच दिवशी आमच्यापर्यंत आले होते. आम्ही टाळ्या वाजवल्या. ते थोडे अवघडले. कुणीतरी चहाचा मग पुढे केला, तो त्यांनी दगडावर ठेवला आणि आधी घोड्यांकडे गेले. एकेकाचे खोगीर उतरवून पाठीवरून, फऱ्याखालून, पोटपट्ट्याच्या जागेवरून हात फिरवत गेले. चौथ्या घोड्यापाशी हात थांबला. उजव्या बाजूला रुपयाएवढी जागा सोलली होती. त्यांनी भाच्याकडे पाहिले. पोराने मान खाली घातली. ते काही बोलले नाहीत. खिशातून डबी काढली, मलम बोटावर घेतले, आणि घोड्याच्या कानात काहीतरी पुटपुटत ते हळूहळू त्या जागेवर चोळू लागले. मगातल्या चहावर साय धरली होती.